ज्यांना बसची वाट पाहावी लागत नाही त्यांनी आखलेला बसनिवारा: नव्या बांधकामाआधी सल्ला हवा आहे

जायांचा मळा (फोंडा तालुका)

सर्वांना नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि प्राथमिक शाळेत ३१ वर्षे शिकवून निवृत्त झाले आहे. आमच्या गावच्या तिठ्यावर नवा बसनिवारा बांधायचा आहे. त्याची जागा आणि आराखडा यांबद्दल गावकऱ्यांचे म्हणणे मांडण्यासाठी पाच जणांची समिती नेमली आहे आणि तिच्यात मी आहे. आराखड्याचा कागद पुढच्या महिन्यात आमच्यासमोर येईल. तो येण्याआधी काय विचारायचे, हे मला शिकून घ्यायचे आहे, कारण आधीच्या वेळी आम्ही कोणीच काही विचारले नव्हते.

सध्याचा निवारा सहा वर्षांपूर्वीचा आहे. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर वळणदार पारदर्शक पत्रा, एका अंगाला जाहिरातीची मोठी चौकट आणि तीन नळ्या शेजारी शेजारी जोडून केलेले बाक, असे त्याचे रूप आहे. उद्घाटन झाले तेव्हा मार्चचे ऊन होते आणि तो खरोखर देखणा वाटला होता. पत्र्याची पुढची कड पाखराच्या पंखासारखी वर उचललेली आहे आणि निवाऱ्याचे तोंड पश्चिमेला आहे. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि तो समुद्राकडून वाऱ्यावर बसून तिरपा येतो. म्हणजे ज्या दिशेने पाऊस येणार हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे, त्याच दिशेला निवाऱ्याने तोंड उघडले आहे आणि त्याच बाजूचे छप्पर उंच उचलले आहे.

गेल्या आठवड्यात सकाळी सातच्या सुमारास मी तिथे उभी होते. माझ्याबरोबर फुले विकायला निघालेल्या तिघी बायका होत्या. तिघीही निवाऱ्याच्या आत छत्र्या उघडून, रस्त्याकडे पाठ करून उभ्या होत्या. एकीकडे केळीच्या पानांनी झाकलेली जायांच्या कळ्यांची पाटी होती. ती खाली ठेवावी तर जमिनीवरून पाणी वाहत होते आणि बाकावर ठेवावी तर नळ्या पुढे उतरत्या असल्यामुळे पाटी घसरत होती. वीस मिनिटे तिने ती पाटी कमरेवर धरून ठेवली. मग बस आली, ती निवाऱ्याच्या तीस-चाळीस पावले पुढे थांबली आणि आम्ही सगळ्या चिखलातून धावलो.

रस्ता रुंद होण्यापूर्वी याच तिठ्यावर जुना निवारा होता. चिऱ्यांच्या तीन भिंती, मंगळुरी कौले, आत भिंतीलगत बसायला दगडी सोपा. त्याची पावळी, म्हणजे छपराची पुढची कड, इतकी खाली आली होती की उंच माणसाला वाकूनच आत शिरावे लागे. ज्या पेदेरांनी, म्हणजे गवंड्यांनी, तो बांधला ते रोज सकाळी त्याच तिठ्यावरून बस धरून कामाला जात. मला वाटते, सगळा फरक या एका गोष्टीत आहे.

हे फक्त निवाऱ्यापुरते नाही. मी ज्या शाळेत होते तिथे नवी इमारत झाली तेव्हा हात धुण्याचे नळ मोठ्या माणसांच्या कमरेच्या उंचीवर बसवले होते. पहिलीच्या मुलांचे हात तिथवर पोहोचत नसत, म्हणून आम्ही खाली दोन चिरे ठेवले आणि ते चिरे मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. नळ बसवणारा माणूस वाईट नव्हता, आराखडा काढणाराही अडाणी नव्हता. तरी सहा वर्षांचे मूल डोळ्यांसमोर आणावे असे त्या दोघांपैकी कोणालाही वाटले नाही, आणि या विचाराने मला आजही वाईट वाटते.

माझे दोन प्रश्न आहेत. शिकलेल्या, अनुभवी माणसांकडून असे का होते? आणि आमच्यासारख्या समितीने कोणत्या टप्प्यावर, कोणत्या शब्दांत, काय मागितले तर नवा निवारा वापरणाऱ्यांच्या कामाचा होईल?

चिरेबंदी (डिचोली)

बाई, नमस्कार. मी स्थापत्य अभियंता असून कंत्राटदारांकडे १८ वर्षे काम करतो. तुम्ही वर्णन केले आहे तशा घडणीचे चार निवारे माझ्या देखरेखीखाली उभे राहिले आहेत, त्यामुळे हे उत्तर मी एका अर्थाने जबाबदारीच्या नात्याने लिहीत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कामाच्या वेळापत्रकात आहे. कामाचा आदेश बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हाती पडतो आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्यामुळे त्याआधी काम पूर्ण करून बिल सादर करायचे असते. तपासणीला अधिकारी येतात ते फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत. ते नळीची जाडी मोजतात, काँक्रीटच्या ठोकळ्यांचा अहवाल पाहतात, रंगाचे थर विचारतात. हे सगळे आवश्यकच आहे आणि ते प्रामाणिकपणे होते. पण आत बसलेला माणूस भिजतो का, हा रकाना त्या तक्त्यात नाही आणि त्या महिन्यांत तो तपासताही येत नाही. पहिला पाऊस पडतो तेव्हा बिल मंजूर झालेले असते आणि आम्ही दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या कामावर असतो. माझ्या चार निवाऱ्यांपैकी एकाही निवाऱ्यात मी जुलैमध्ये उभा राहिलो नव्हतो. तुमचा प्रश्न वाचल्यावर काल प्रथमच एका निवाऱ्याकडे गेलो आणि पाच मिनिटांत गुडघ्यापर्यंत भिजलो.

दुसरे कारण असे की आराखडा एकच असतो. समुद्रकाठच्या गावाला तोच, सत्तरी तालुक्याच्या डोंगराळ भागाला तोच, पूर्वेला तोंड असेल तरी तोच आणि पश्चिमेला असेल तरीही तोच. दिशा ठरते ती रस्त्याच्या कोणत्या बाजूला जागा मोकळी आहे त्यावरून.

आता मोजमापाचे सांगतो, कारण ते समितीला थेट उपयोगी पडेल. पाऊस ४५ अंशांच्या तिरपेपणाने आला तर छपराची कड जमिनीपासून जितकी उंच, तितकाच तो आत येतो. तुमच्या निवाऱ्याची पुढची कड साडेतीन मीटर उंच असेल आणि खोली दीड मीटर असेल, तर कोरडी जागा उरतच नाही, उलट मागची भिंतही दोन मीटर उंचीपर्यंत भिजते. कड २.१ मीटरवर आणली, खोली अडीच मीटर केली आणि पावसाच्या अंगाला भिंत घातली, तर मागे बसलेला माणूस कोरडा राहील. ही आकडेमोड शाळेतल्या भूमितीएवढीच आहे. ती कोणी करत नाही, कारण ती करायला कोणी सांगत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. कामानंतर कंत्राटदाराची काही अनामत रक्कम दोषदुरुस्तीची मुदत संपेपर्यंत राखून ठेवलेली असते. या मुदतीत एक संपूर्ण पावसाळा आला पाहिजे आणि समितीने जुलै महिन्यात पावसातच निवाऱ्यात बसून पाहणी केल्याशिवाय ती रक्कम परत मिळू नये, अशी अट निविदेतच लिहून घ्या. नंतर केलेली विनंती कोणी ऐकत नाही, निविदेतली अट मात्र सगळे वाचतात.

एका बाबतीत मात्र माझे तुमच्याशी जुळत नाही. जुना निवारा चांगला होता हे खरे, पण तीन बाजूंनी बंद आणि खाली झुकलेल्या छपराच्या त्या निवाऱ्यांत संध्याकाळनंतर काळोख असे आणि माझी आई त्यात एकटी कधी थांबत नसे, ती बाहेर रस्त्याच्या दिव्याखाली उभी राही. ज्या पेदेरांनी ते बांधले त्यांनाही सगळे वापरणारे दिसले नव्हते.

दोन चाके (मडगाव)

बाई, मी गेली नऊ वर्षे चाकांच्या खुर्चीवर आहे. चिरेबंदी यांच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या जुन्या निवाऱ्यात मला शिरता आले नसते आणि नव्यातही येत नसणार.

तुमच्या समितीसमोर जो कागद येईल त्यात उतार, म्हणजे रॅम्प, दाखवलेला असेल याची मला जवळजवळ खात्री आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा झाल्यापासून तो कागदावर सगळीकडे असतो. कागदावर रॅम्प आहे की नाही हे पाहून थांबू नका, त्याची लांबी विचारा. प्रमाण एकास बारा असे आहे, म्हणजे जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल तर उताराची लांबी ५.४ मीटर हवी. मी पाहिलेले कित्येक उतार दीड मीटरचे आहेत. तशा उतारावर खुर्ची चढवायला दोन धडधाकट माणसे लागतात, आणि उतरताना ती पुढच्या बाजूने उलटू शकते, म्हणून मला पाठीकडून उतरावे लागते.

एक प्रसंग सविस्तर सांगते. एका कार्यालयात नवा उतार बांधला होता आणि त्याची लांबी अगदी बरोबर होती. मी आनंदाने वर गेले. वर दार होते आणि ते बाहेरच्या बाजूने, म्हणजे माझ्या अंगावर उघडणारे होते. दारासमोर सपाट जागा जेमतेम दोन फूट. आता दार ओढायचे तर खुर्ची मागे घ्यायला हवी, मागे घ्यावी तर ती उतारावर जाते, आणि उतारावर ती धरून ठेवायची तर दोन्ही हात चाकांवर हवेत. दार ओढायला तिसरा हात मी कुठून आणणार? मदतीसाठी घंटा बसवली होती, तीही दाराच्या पलीकडच्या चौकटीवर, माझ्या डोक्याच्या वर. उतार बांधून घेणारे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी मला आत नेले, चहा दिला, आणि उतार कसा वाटला हे मनापासून विचारले. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसून तो एकदा चढून पाहायला सांगितले. ते बसले, वर गेले, दाराशी थांबले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात दार आत उघडणारे झाले होते. खुर्ची पूर्ण वळवायला दीड मीटर व्यासाची सपाट जागा लागते, हे वाक्य त्यांनी आधीही वाचलेले असणार. ते अंगाला कळले ते त्या दिवशी.

पणजीत २०२३ पासून पर्पल फेस्ट हा अपंग व्यक्तींसाठीचा महोत्सव भरतो आहे आणि तिथे देशभरातून माझ्यासारखी माणसे येतात, त्यामुळे आपल्याकडे या विषयाची जाण वाढली आहे, हे मी कृतज्ञतेने सांगते. पण गावच्या तिठ्यापर्यंत ती जाण अजून पोहोचायची आहे. तुमच्या निवाऱ्याबद्दल माझी मागणी साधी आहे. जोतेच १५ सेंटिमीटरवर ठेवा. मग उतार १.८ मीटरचा पुरतो, त्याला जागाही कमी लागते, आणि गुडघेदुखीच्या आजीलाही पायरी चढावी लागत नाही. जोते उंच का घेतात असे विचारलेत तर पाणी आत येते असे सांगतील. मग गटाराचे काम आधी नीट करायला सांगा.

आराखडा ठरण्याआधी मला बोलावलेत तर मी येईन. मडगावहून फोंड्याला येणे मला जमते. बांधून झाल्यावर फीत कापायला मात्र बोलावू नका.

तिकीटवाला (फोंडा)

बाई, मी २६ वर्षे वाहक म्हणून फोंड्याच्या आसपासच्या मार्गांवर काम केले. बस निवाऱ्यापुढे का थांबते, याचे उत्तर मी देऊ शकतो.

बहुतेक निवाऱ्यांसमोर उघडे किंवा अर्धवट झाकलेले गटार असते आणि रस्त्याची कड तुटलेली असते. चालकाने तिथे गाडी कडेला घेतली तर डावे चाक खाली जाते आणि उतारूची पहिली पायरी आणखी उंच होते. आपल्याकडच्या साध्या बसची आतली जमीन रस्त्यापासून सुमारे ९०० मिलिमीटर उंच असते, आणि पाटी घेतलेल्या बाईसाठी त्यातला प्रत्येक इंच महत्त्वाचा असतो. म्हणून चालक जिथे कड सपाट आहे तिथे थांबतो. तो तुमच्यावर अन्याय करत नसतो, तो तुमच्याच पायांचा विचार करत असतो. गटार झाकले आणि कड भरली तर तो निवाऱ्यासमोरच थांबेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जाहिरातीची चौकट बहुधा बस येते त्याच बाजूला लावतात, कारण समोरून येणाऱ्या गाड्यांना ती दिसायला हवी. त्यामुळे आत बसलेल्याला येणारी बस दिसत नाही आणि चालकाला आत बसलेला माणूस दिसत नाही. मग लोक काय करतात? पाऊस असो, ऊन असो, निवाऱ्याच्या बाहेर येऊन उभे राहतात. कितीही चांगले छप्पर करा, बस दिसत नसेल तर त्याखाली कोणी बसणार नाही, कारण दुपारच्या वेळी एक बस चुकली की पुढची तासाभराने असते. चिरेबंदी यांनी पावसाच्या अंगाला भिंत सुचवली आहे. ती बस येण्याच्या बाजूला येणार असेल तर डोळ्यांच्या उंचीवर तिच्यात खिडकी ठेवा.

२६ वर्षांत थांबा कुठे असावा हे मला किंवा माझ्या कोणा सहकाऱ्याला एकदाही विचारले गेले नाही. तुम्ही विचारलेत म्हणून एवढे लिहिले.

जुना फिटर (वास्को)

मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, नोकरीनिमित्त वास्कोला आलो आणि इथेच स्थायिक झालो. माझ्या लहानपणी गावोगावी कूपनलिकांवर ओतीव लोखंडाचे हातपंप बसवले होते आणि ते सतत बंद पडलेले असत. त्यांची घडण मुळात एका घराच्या वापराला पुरेल अशी होती. ज्यांनी ती आखली त्यांच्या डोळ्यांसमोर दिवसाला काही बादल्या पाणी काढणारे एक कुटुंब होते. आमच्याकडे त्या पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव रांगेत असे. बिजागरीचा खिळा झिजायचा, दांडा डुगडुगायचा आणि एक दिवस तुटायचा. पुढे जालना आणि सोलापूर भागात, प्रत्यक्ष पंपांचे काम करणाऱ्या लोकांनी पोलादी पंप घडवले, आणि त्यातल्या सोलापूर पंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने इंडिया मार्क २ हा पंप तयार झाला, जो पुढे भारतभर आणि बाहेरच्या कित्येक देशांतही गेला.

यातून मला एवढेच सुचवायचे आहे की वापरणाऱ्यांत दुरुस्त करणाऱ्यालाही धरा. तुमच्या निवाऱ्याचा दिवा गेला तर तो कोण, कशावर चढून बदलणार? पन्हळीत आंब्याची पाने अडकली तर ती कोण काढणार? वळणदार पारदर्शक पत्रा तडकला तर तसाच पत्रा फोंड्याच्या बाजारात मिळतो का, की वर्षभर वाट पाहावी लागते? गावातल्या माणसाला गावातल्या सामानाने जे दुरुस्त करता येते तेच टिकते.

मोजपट्टी (पर्वरी)

मी वस्तूंची रचना शिकवते. इथले सगळे वाचून आनंद झाला. तरीही बाईंच्या मूळ म्हणण्यात एक भर घालावीशी वाटते. जो वापरतो त्यानेच बनवावे हे आकर्षक वाटते, पण ते पुरेसे नाही, आणि माझ्या मते अनिवार्यही नाही.

आजच्या बंदिस्त, ओट्याच्या स्वयंपाकघराचे मूळ ज्या रचनेत शोधले जाते ती फ्रँकफर्टची, १९२६ सालची. ती मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी केली आणि त्या शहरातल्या नव्या वसाहतींत तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. तोपर्यंत आपण कधी घरचा स्वयंपाक सांभाळला नव्हता, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. मग ती रचना कशी साधली? त्यांनी कामांना लागणारा वेळ आणि चालावी लागणारी पावले मोजली, आगगाडीच्या भोजनडब्यातले चिंचोळे स्वयंपाकघर अभ्यासले, बसून भाजी चिरता यावी म्हणून खिडकीखाली फळी आणि फिरते स्टूल दिले. म्हणजे स्वतः न वापरताही, नीट पाहिले तर पुष्कळ कळते. आणि जे पाहिले नाही ते तिथेही चुकलेच. ती खोली साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होती, त्यात एकच माणूस काम करू शके, आणि ज्या घरांत आई, मुलगी, सासू मिळून काम करत किंवा जिथे मुले आईच्या पायाशी खेळत, त्यांना ती अपुरी पडली.

उलट बाजूचे उदाहरण जयपूर फूटचे. १९६० च्या दशकात जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो पाय घडवला. तेव्हा मिळणारा कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी केलेला होता. त्यावर उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी चिखलात उतरता येत नसे, आणि ज्या शेतकऱ्याला हे तिन्ही रोज करावे लागते त्याने तो पाय कोपऱ्यात ठेवून कुबडी घेतली तर त्याचे काय चुकले? सेठी आणि शर्मा या दोघांचेही पाय धडधाकट होते. पण समोरचा माणूस घरी गेल्यावर जमिनीवर बसतो, हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते महत्त्वाचे मानले.

तेव्हा बाई, समितीला माझी सूचना अशी की आराखड्यावर चर्चा करण्यापूर्वी जागेवर बांबू आणि ताडपत्रीचा पूर्ण मापाचा निवारा उभा करा. छपराची कड चिरेबंदी यांनी सांगितलेल्या उंचीवर बांधा, आणि भरपावसात दोन-तीन सकाळी तो लोकांना वापरू द्या. कागदावरचा नकाशा गावातल्या बहुतेकांना वाचता येत नाही आणि न कळलेल्या कागदाला माणसे संकोचाने मान डोलावतात. बांबूच्या सांगाड्याखाली मात्र प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. आणखी एक. तुम्हाला काय हवे, असे लोकांना विचारून थांबू नका. माणसे जे पाहिलेले असते तेच मागतात. ती कुठे उभी राहतात, ओझे कुठे टेकतात, कोणत्या बाजूला मान वळवतात, हे काही न बोलता पाहा आणि लिहून ठेवा.

जायांचा मळा (फोंडा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मोजपट्टी ताईंनी सांगितले ते करून पाहिल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते.

गावातल्या मुलांनी एका रविवारी बांबू आणि ताडपत्री लावून सांगाडा उभा केला आणि तो आठ दिवस ठेवला. पहिल्या दिवशी कड २.१ मीटरवर होती. पाऊस आत आला नाही, पण ताडपत्रीचे पाणी नेमके चढण्या-उतरण्याच्या जागी धारेने पडू लागले. पुढच्या कडेला अर्धा नळ चिरून पन्हळ लावली तेव्हा ते थांबले. दक्षिणेच्या अंगाला ताडपत्रीची भिंत घेतली, आणि तिकीटवाले भाऊंनी सांगितल्याप्रमाणे तिच्यात हातभर चौकोन कापला. दुसऱ्या दिवसापासून लोक बाहेर येऊन उभे राहायचे थांबले. मी तो चौकोन कापताना साशंक होते हे कबूल करते, पण आठ दिवसांत सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला.

ज्याची मला मुळीच कल्पना नव्हती ती गोष्ट फुलवाल्या बायकांकडून कळली. आम्ही शाळेतला एक बाक आणून आत ठेवला होता. त्यावर त्या बसल्याच नाहीत. त्यांनी बाकावर पाट्या ठेवल्या आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. पाटी जमिनीवरून उचलून पुन्हा कमरेवर घ्यायला दुसऱ्या बाईची मदत लागते, आणि बाक बुटका असल्यामुळे त्यावरूनही वाकावे लागते. मी कंपासपेटीतली दोरी काढून एकीच्या कमरेपर्यंतचे माप घेतले. ते ८२ सेंटिमीटर भरले. त्या उंचीचा एक रुंद चिऱ्याचा ओटा असेल तर पाटी सरळ ओट्यावरून कमरेवर घेता येईल. कोणत्याही नकाशात असा ओटा मी पाहिलेला नाही, आणि इतकी वर्षे त्यांच्याबरोबर बसची वाट पाहूनही तो मला स्वतःला सुचला नव्हता.

पावसाळ्यानंतरच अनामत परत करण्याची अट लिहून द्यायला समितीतल्या चौघांची संमती मिळाली आहे, पाचव्यांशी बोलणे चालू आहे. गटार झाकण्याचे काम निवाऱ्याच्या आधी व्हावे, असे पत्रही दिले आहे. जोते १५ सेंटिमीटर ठेवण्यावर मात्र अजून मतभेद आहे, कारण गेल्या वर्षी तिठ्यावर एक दिवस पाणी चढले होते. दोन चाके ताई, तुम्ही येत्या शनिवारी सकाळी येऊ शकाल का? सांगाडा मी तोवर काढू देणार नाही. फळीचा तात्पुरता उतार दोन मापांचा करून ठेवते, एक १.८ मीटरचा आणि एक जरा लांब, आणि समितीतले पाचही जण तिथे असतील.